फ्रेहाचं अंजीर

मखलूफला सगळं गाव ‘अक्रोड’ म्हणायचं, आणि हे नाव त्याच्या बायकोनंच पाडलेलं. ज्यू पंचांगातल्या श्वात महिन्याच्या पौर्णिमेला, झाडांच्या नव्या वर्षाला, ताटात पंधरा तऱ्हेची फळं मांडली की फ्रेहा पाहुण्यांना सांगायची, "माणसं तीन जातींची. खजूर वरून गोड, आत दगड. अंजीर आतबाहेर सारखं, टाकायला काही नाही. आणि हा आमचा अक्रोड! पन्नास वर्षं फोडतेय, गर अजून शोधतेय." पाहुणे हसायचे. मखलूफ रागावल्याचं सोंग करायचा.

फ्रेहाला जाऊन दोन वर्षं उलटली होती. गलीलच्या डोंगरावरचं ते दोन खोल्यांचं घर आता त्याला खायला उठायचं. सवयीनं तो पुदिन्याच्या चहाचे दोन पेले भरायचा आणि दोन्ही स्वतःच प्यायचा. मुलगी मझल अश्दोदहून फोन करायची. "अब्बा, वल्हांडणानंतर न्यायला येते. ब्याऐंशीव्या वर्षी हट्ट कसला? डॉक्टर काय म्हणाले विसरलात?"

"एकदा तुझ्या आईचं अंजीर खातो, मग ने कुठं न्यायचं तिथं."

ते अंजीर अंगणात होतं. फ्रेहानं फांदी रोवली आणि दोन-अडीच महिन्यांत ती स्वतःच वारली. पहिल्या तीन वर्षांचं फळ माणसाचं नाही, असा धर्म. मखलूफनं दोन उन्हाळे एकेक फळ तोडून मातीत पुरलं होतं. पिकलेली, फुटायला आलेली अंजिरं! बोटाला लागलेला रससुद्धा त्यानं चाटला नाही, धुऊन टाकला. झाडाचं वर्ष श्वातच्या पौर्णिमेला बदलतं, आणि त्याच्या मोजणीनं तीन वर्षं आज भरत होती. या उन्हाळ्याचं फळ त्याचं होतं.

सकाळच्या प्रार्थनेनंतर चौथ्या वर्षाच्या फळाचा विधी विचारायला तो रब्बी अमरामकडे गेला.

"मुबारक असो काका! फांदी लावली कधी?"

"अडीच वर्षं झाली. आव महिन्यात."

रब्बीनं पुस्तक मिटलं. "आवच्या पौर्णिमेआधी की नंतर?"

"त्यानं काय होतं?"

"आधी लावली असेल, तर वर्षाचे उरलेले दिवस पूर्ण वर्ष धरतात. नंतर लावली असेल, तर ते वर्ष मोजायचंच नाही. आणखी एक वर्ष थांबायचं." मग म्हाताऱ्याचा चेहरा पाहून तो हळूच म्हणाला, "आधीच असेल काका. नीट आठवा. साक्षीदार तुम्हीच, तुम्ही सांगाल ते मी मानेन."

मखलूफला नीट आठवत होतं. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्या महिन्यात तो फ्रेहाशी बोलत नव्हता. कारण काय, तर तिनं त्याचा पलटणीतला जुना कोट भंगारवाल्याला दिला. तेवढ्यावरून हा गडी मूग गिळून बसला. आवच्या तेरा तारखेला फ्रेहा बहिणीकडून ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी घेऊन आली. "अहो, एवढा खड्डा खणून द्या. माझ्यानं होत नाही हल्ली." त्यानं तोंड फिरवलं. फांदी बादलीत राहिली. पौर्णिमेला रिवाजाप्रमाणे गावातल्या पोरी पांढरे कपडे घालून द्राक्षमळ्यात नाचल्या, तर हा तिला खिजवायला एकटाच बघायला गेला. अठरा तारखेला फ्रेहानं स्वतः कुदळ उचलली. दोन घाव घालायची, कंबर धरून उभी राहायची, पुन्हा दोन घाव. तो खिडकीतून बघत होता. उठला नाही.

सुंभ जळतो, पीळ जळत नाही म्हणतात. इथं तर पीळ जपता जपता बाईच जळून गेली होती, आणि ती आतून संपत आली आहे हे याला ठाऊक नव्हतं.

"काका?" रब्बीनं विचारलं. "आधीच ना?"

‘हो’ म्हणणं किती सोपं होतं. सगळं बघणारी बाई मातीत होती.

"नंतर," मखलूफ म्हणाला. "तीन दिवसांनी. ती तेरा तारखेलाच मागत होती. मीच खणून दिलं नाही."

रब्बी उठला. त्यानं फक्त दारापर्यंत सोबत केली.

घरी मझलचा फोन वाजत होता. "अब्बा, विचारलंत? या उन्हाळ्यात खायचं ना मग?"

"नाही. पुढच्या वर्षी."

"म्हणजे अजून दीड वर्ष तिथं एकटे? आणि तोवर..." ती थांबली.

"तोवर मेलो तर मेलो. ते फळ माझ्या हट्टानं एक वर्ष लांबलंय, मझल. आता दुसऱ्यानं का थांबावं? मी थांबतो."

दुपारी त्यानं ताट मांडलं. बदाम, खजूर, जैतून, संत्रं, दुकानातलं सुकं अंजीर. एकट्यानंच आशीर्वाद म्हटला, एकट्यानंच ‘आमेन’ म्हटलं. अंजीर दातांत वाळूसारखं कचकचलं. अक्रोड त्यानं फोडलाच नाही.

मग डॉक्टरांनी बजावलेलं बाजूला ठेवून त्यानं कुदळ घेतली. अंगणातलं अंजिराचं झाड उघडं, राखाडी होतं. पान नाही, डोळा नाही. आत रस चढू लागलाय म्हणून तर आजचा सण. बाहेरून कोणाला दिसतो? तो बुंध्याभोवतीची माती मोकळी करू लागला. दोन घाव घालायचा, कंबर धरून उभा राहायचा, पुन्हा दोन घाव.

आळं पुरं झालं तेव्हा ऊन उतरलं होतं. कुदळीवर टेकून तो खिडकीकडे वळला. तिथं कुणी नव्हतं.

"खणलं बघ, फ्रेहा," तो म्हणाला.