मुरगूडच्या चार खेपा

मामा उजव्या हाताचं एकच बोट कानाच्या वर जाईल इतकं उचलायचे आणि म्हणायचे, "कळलं न्हाय सर. परत सांगा की." वय चौऱ्याहत्तर. आमच्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेनंतर मी बायबलचा वर्ग घेतो, त्यात ते पहिल्या बाकावर बसत. सगळे त्यांना मामा म्हणत.

कागलच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत त्यांनी उभं आयुष्य ओतकामासाठी वाळूचे साचे भरले होते. जन्मापासून ख्रिस्ती. जे मी शिकवत होतो ते त्यांनी माझ्या आधी कितीतरी वर्षं ऐकलेलं. तरी प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे पुढे झुकून बसायचे. तुम्ही कधी शिकवायला उभे राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, असा विद्यार्थी हवासा वाटतो आणि जरा जाचकही होतो. मला ते मंद वाटत. हे आज लिहायला जड जातं.

एकदा जिभेवर ताबा ठेवण्याचा धडा झाला. पुढच्या आठवड्यात मामी तक्रार घेऊन माझ्या घरी. म्हणाल्या, सर, ह्यांनी बोलणंच टाकलंय. फाउंड्रीतल्या शिव्या वगळून बोलायचं म्हटल्यावर मामांना शब्दच सुचेनात. मी पोटभर हसलो. मामा मात्र तीन महिन्यांत नवं बोलायला शिकले. रंकाळ्याजवळ एका स्कूटरवाल्याने त्यांना धडक दिली, तेव्हा त्याला एवढंच म्हणाले, "पावणं, जरा बघून की."

मग तो रविवार आला. देवापुढं अर्पण ठेवण्याआधी दुखावलेल्या भावाशी समेट करावा, हा विषय होता. मामांचं बोट वर. "भाऊ म्हंजे सख्खाच व्हय, सर?"

मला घरी जायची घाई होती. कुणीही, ज्याचं आपण वाईट केलं तो, असं सांगून मी वर्ग संपवला.

पुढच्या रविवारी मामा आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी सगळे गेल्यावर थांबले आणि मला बाजूला घेऊन सांगू लागले. वीसेक वर्षांपूर्वी त्यांच्या हातून साच्याच्या वाळूत पाणी जास्त झालं. धातूचा रस ओतताना उडाला, एकाचा पाय भाजला. चौकशीत ठपका आला वाळू कालवणाऱ्या मुरगूडच्या एका मुसलमान सोबत्यावर. मामा गप्प राहिले. त्याची नोकरी गेली.

गेल्या रविवारी एसटीने मुरगूडला जाऊन मामा त्याच्यापुढे उभे राहिले होते. त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. सगळं ऐकून घेऊन तो एवढंच म्हणाला, "हे माझ्या बायकोनं ऐकायला पायजे हुतं." ती तीन वर्षांपूर्वी वारली होती. नवऱ्याच्या हलगर्जीपणामुळे नोकरी गेली, असंच ती शेवटपर्यंत समजत होती.

"माफी न्हाय मिळाली सर," मामा म्हणाले. "पण धडा आत्ता कळाला." आणि त्याच दमात, अगदी सरळ मनाने विचारलं, "तुमचा भाऊ कळंब्यात असतोय न्हवं? तुमी गेलतासा?"

आईच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून आम्ही भाऊ सहा वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो. चर्चच्या मंडळीत हे सर्वांना माहीत होतं, विचारलं कुणीच नव्हतं. मी म्हणालो, "मामा, तुम्ही शिकायला येता की मला शिकवायला?"

ते गोंधळले. "चुकलं माझं सर," म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. वर्गाला ते नंतरही येत राहिले. प्रश्न मात्र पुन्हा कधी विचारला नाही. वर्ग वेळेत संपतो याचं तेव्हा मला बरंच वाटायचं.

पावसाळ्याच्या शेवटी मामा गेले. झोपेतच. दफनाला स्मशानभूमीच्या फाटकाशी एक उंच म्हातारा एकटाच उभा होता, हातात गुलाबाच्या पाकळ्यांची पुडी. मीच जवळ गेलो. तो मुरगूडहून आला होता. मामा चार वेळा आले, म्हणाला. दुसऱ्या खेपेला त्याने त्यांना दुकानातही घेतलं नाही, तिसऱ्या खेपेला स्टूल दिलं. "चौथ्या खेपेला जेवायलाच घातलं. सारखं म्हणायचा, आमच्या सरांनी शिकवलंय मला. तुमीच ते व्हय?"

मी मान हलवली. हो म्हटल्यासारखी, पण मनातून हो नव्हे.

तीन आठवड्यांनी मी कळंब्याला गेलो. दार भावानेच उघडलं. केस पार पांढरे झाले होते. ज्या धड्यावर मी तासभर बोलू शकतो, त्यातलं एक वाक्य तोंडातून फुटेना. मी त्याच्या गुडघेदुखीची चौकशी केली, त्याने माझ्या नोकरीची. दहा मिनिटांत उठलो. पुन्हा ये, असं तोही म्हणाला नाही.

परतताना कळंबा तलावाच्या बांधावर गाडी थांबवली. पुन्हा जायला हवं, हे कळत होतं. पहिल्या खेपेला हात हलवत परत आलेला माणूस दुसऱ्यांदा त्याच दारात जाऊन काय बोलतो, एवढंच मला विचारायचं होतं. ते ज्यांना ठाऊक होतं, त्यांना मी गप्प बसवलं होतं.