खंडेनवमीचं तेल

तो वास अजूनही कधीकधी पहाटेच्या झोपेत येतो. करपलेला, थोडा गोडसर, चुलीवर विसरलेल्या तेलासारखा. जाग येते तेव्हा खिडकीतून सातपुड्याची निळसर रेघ दिसत असते आणि मी अंथरुणातच हात जोडतो. मनात होतं, ही गोष्ट माझी आणि देवाची राहू द्यावी. पण परवा एका लग्नात पंगतीतला एक पाहुणा हसत म्हणाला, "तुमच्या सूनबाईनंच गाडी जाळली होती म्हंतात?" मी नाही म्हटलं. तोवर वाढपी आले आणि माझं बोलणं राहूनच गेलं. म्हणून आता लिहितो आहे.

आम्ही वरवट बकालचे. मुलाने घरातल्या सगळ्यांसाठी एक मोठी गाडी घेतली होती, जुनी पण दणकट, क्लच नसलेली, आपोआप गिअर बदलणारी. सून संग्रामपूरच्या शाळेत शिकवते. ती त्या गाडीवरच चालवायला शिकली. माझ्या बायकोला गुडघ्यांच्या डॉक्टरकडे तीच न्यायची. गाडीची चावी पर्समध्ये टाकताना तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी पाहिलेलं आहे.

खंडेनवमीला अवजारांना तेल देण्याची आमच्या घरची रीत आहे. दिवाळीला माणसाला तेल लागतं, तसं यंत्रालाही सणाचं लागतं, असं वडील म्हणायचे. ते मोटेच्या चाकाला द्यायचे, मी ट्रॅक्टरला देत आलो. त्या वर्षी सगळे देवघरात असताना मी गाडीचं बोनट उघडलं, गिअरबॉक्सची तेल मोजायची पट्टी उपसली आणि ट्रॅक्टरच्या डब्यात उरलेलं तेल नरसाळ्याने त्या नळीत ओतलं. अर्ध्या लिटरच्या वरच असेल. आत आधी किती आहे ते पाहिलं नाही. सणाचं तेल कोणी मोजतं का? मग बोनटवर झेंडू वाहिला आणि समाधानाने आत गेलो.

आठ दिवसांत गाडीत वास यायला लागला. मुलगा बायकोवर चिडला. "ब्रेकवर पाय ठेवून चालवतं तू. गिअरबॉक्स तापून राह्यला."

"नाही हो, मी नाही ठेवत पाय," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली नाही. चावी तिच्या पर्समधून मुलाच्या खिशात गेली आणि ती रोज सकाळी फाट्यावर काळीपिवळी जीपची वाट पाहत उभी राहू लागली. मी ओसरीवर बसून तिला जाताना पाहत असे. मला तेव्हाच कळलं होतं का? पुरतं नाही, पण थोडं कळलं होतं. नाहीतर तो रिकामा डबा मी कडब्यामागे कशाला लपवला असता? पन्नास वर्षं यंत्रं सांभाळणारा माणूस म्हणून गावात माझं नाव होतं. ते मला सुनेपेक्षा मोठं वाटलं.

मार्गशीर्षातल्या एका शनिवारी सगळे सातपुड्याच्या पायथ्याच्या मारुतीला निघालो. धुकं इतकं होतं की तुरीची शेतं पाण्याखाली असल्यासारखी दिसत होती. मुलगा चालवत होता. चढ लागला तसा वास दाटला. देवळापाशी थांबलो तेव्हा गाडीखालून पांढरा धूर निघत होता. त्या धुक्यात धूर कुठे संपतो ते कळत नव्हतं.

"आज तर मी नव्हती चालवत," सून हळूच म्हणाली.

मी तेलाची वाटी घेऊन आत गेलो. साठीचा एक माणूस मूर्तीपुढचा दिवा फडक्याने पुसत होता. दिव्यातलं तेल बाहेर येऊन तापल्या पितळेवर करपलं होतं. तोच वास. मी वाटी पुढे केली, तर तो म्हणाला, "राहू द्या काकाजी. दिवा काठोकाठ भरेल हाय. आता टाकसान त बाहीरच येईन, अन् वास सुटंन."

मी वाटी तशीच घेऊन मागे वळलो. धुराचा वास घेत तोही बाहेर आला, गाडीखाली वाकला आणि हसला. "तुमचीबी तीच गत. गिअरचं तेल लय झालं. फेस होऊन वरतून निंघते, अन् सायलेन्सरवर पडून जळते. कोनं टाकलं?"

मुलाने बायकोकडे पाहिलं. तिने नाही म्हणून मान हलवली. मी मारुतीकडे पाहिलं. शेंदराआडून त्याचे डोळे तेवढे दिसत होते.

"मी टाकलं," म्हणालो. "खंडेनवमीले. ट्रॅक्टरचं."

"ट्रॅक्टरचं?" तो माणूस म्हणाला. "मंग इंजिनात साजूक तूप टाकाचं काऊन सोडलं?" माझी बायको हसली आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला.

मुलाने खिशातून चावी काढून सुनेपुढे धरली. गाडी निवल्यावर त्या माणसाच्या सांगण्याप्रमाणे तिनेच ती हळूहळू संग्रामपूरच्या गॅरेजात नेली. निघताना ती मला एवढंच म्हणाली, "मामाजी, पुढं बसा. काच खाली घ्या, वास सहन नाही होत तुम्हाले." तेवढ्या रस्त्यात माझा पन्नास वर्षांचा मोठेपणा उतरला असं वाटलं.

गॅरेजात सगळं तेल काढून योग्य ते भरलं, थोडं चालवून पुन्हा काढलं, पुन्हा भरलं. गाडी सुरू ठेवून, गरम असताना पट्टी पाहिली. वास गेला.

तो माणूस कोण, ते मी नंतर विचारलं. पूर्वी ट्रकांच्या गॅरेजात काम केलेला, जवळच्याच गावचा. दिवा पुसायची त्याची पाळी मंगळवारची. त्या आठवड्यात कोणी आजारी पडलं म्हणून शनिवारी आला होता. यात चमत्कार कोणता ते मी सांगू शकत नाही. मला एवढंच माहीत आहे, की दीड-दोन महिने मी गप्प होतो आणि देवाने मला माझ्याच चुकीचा वास दिला.

आता खंडेनवमीला सून बोनट उघडते, पट्टी फडक्याने पुसून स्वतः पाहते. "बरोबर हाय, मामाजी," म्हणते. मग मी झेंडूचं एक फूल वाहतो आणि मागे सरून उभा राहतो.