शिळफाट्यावरची आफ्रिका

ऊनमास्तर माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी त्याच्या सावलीकडे बघायचे. मी पहिल्यांदा शाळेच्या फाटकातून आत गेले आणि नेमणुकीचं पत्र हातात धरून "नमस्कार, सर" म्हणाले, तर ते माझ्या पायांशी बघत म्हणाले, "सव्वाअकरा झाले. पेटी फिरवायला हवी." आणि मला तिथंच सोडून मैदानाकडे चालू लागले. झालं, पहिल्याच दिवशी आपलं काहीतरी चुकलं, असं मला वाटलं. मनगटावर घड्याळ न बांधणारा आणि तरीही एकही तास उशिरा न घेणारा हा माणूस सगळ्यांशीच असं वागतो, हे दुपारपर्यंत कळलं.

पेटी म्हणजे त्यांची सूर्यचूल. लाकडी खोका, आत काळा रंग दिलेला पत्रा, मधल्या पोकळीत दाबून भरलेलं भाताचं तूस, वर दुहेरी काच आणि झाकणाला आतून आरसा. ऊन सरकेल तशी ती अर्ध्या अर्ध्या तासाने फिरवावी लागे. वर्ग कितीही रंगलेला असो, वेळ झाली की मास्तर खडू ठेवून बाहेर जायचे. मुलं तेवढ्यात पळून जात नसत, कारण शनिवारी त्या पेटीतला भात त्यांच्याच वाट्याला येई. तत्त्व समजावताना मास्तरांचं वाक्य ठरलेलं होतं. "ऊन काचेतून आत शिरतं आणि मग त्याला बाहेर यायची वाट सापडत नाही. कोंडलं म्हणून तापतं, तापलं म्हणून शिजवतं." मुलं हे पाढ्यासारखं घोकायची.

ऐंशी सालच्या आसपास, खालापूर तालुक्यातल्या त्या गावात, पेटीचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं. डोंगर जवळ, लाकूडफाट्याला तोटा नाही, मग उन्हात भात शिजवायचा खटाटोप कशाला? पण परदेशातल्या एका स्वयंसेवी संस्थेला ते कौतुक वाटलं. मास्तरांनी त्यांना इंग्रजीतून पत्रांवर पत्रं धाडली होती. शेवटी उत्तर आलं, की आफ्रिकेतल्या एका देशात खेड्यापाड्यांतल्या शाळांना सूर्यशक्ती शिकवायला दोन वर्षांसाठी या. पगार नाही, राहणं-खाणं आणि तिकीट त्यांचं. पत्रात 'सोलर कुकर' असा शब्द होता. तो शाळेच्या शिपायाने वाचला आणि मास्तर आफ्रिकेला कुक म्हणून चालले, ही बातमी संध्याकाळच्या आत गावभर झाली. एका म्हातारीने तर डोळ्याला पदर लावला. "येवढं शिकून भांडी घासाया चाललास? आमच्या गावात काय कमी व्हतं रं, मास्तर?" मास्तरांनी तिची समजूत घातली नाही. मला म्हणाले, "कुक तर कुक. जायला मिळाल्याशी कारण."

जायला मिळणं हा त्यांच्या जिवाचा ध्यास झाला होता. जन्म याच तालुक्यातला, शिक्षण इथलंच, नोकरी इथलीच. आई गेल्यावर मागेपुढे कुणी उरलं नव्हतं. पुण्याच्या पलीकडे ते गेले नव्हते, आणि पुण्यालाही परीक्षेपुरतेच. "बाई, चाळीस वर्षं मी समोर एकच डोंगर बघतोय," ते म्हणाले होते. "तो चांगला आहे हो, पण हटत नाही." तिकडच्या भाषेचे दहा-बारा शब्द त्यांनी कुठून तरी मिळवले होते. वर्गात शिरताना नमस्कार म्हणून ते "जांबो" म्हणत आणि भातशेतीवाल्यांची ती पोरं एका सुरात "जांबो, मास्तर" असं ओरडत.

त्यांच्या त्या दोन वर्षांच्या बिनपगारी रजेच्या जागेवर माझी नेमणूक झाली होती. कर्जतच्या आमच्या बौद्धवस्तीतली मी पहिली बी.एस्सी. वडील रेल्वेत गँगमन. नेमणुकीचं पत्र त्यांनी आधी बुद्धमूर्तीपुढे ठेवलं, मग ते घेऊन वस्तीतल्या प्रत्येक घरी जाऊन आले. दोन वर्षांचीच नोकरी आहे, असं मी सांगितलं, तर म्हणाले, "पाय तर टेकला." तेव्हा माझ्यासाठी त्या पत्राचं मोल काय होतं, ते कळावं म्हणून हे सांगते. पुढचं सगळं त्यावरूनच घडलं.

मास्तरांनी आठ दिवसांत मला सगळा चार्ज दिला. प्रयोगशाळेतली एकेक परीक्षानळी मोजून दिली, पेटी दिली, कुठलं पोर का गप्प बसतं तेही सांगितलं. दुपारी आणि संध्याकाळी मात्र ते हाती लागत नसत, कारण गाव त्यांना महिन्यापासून जेवायला घालत होतं. माणूस एवढ्या लांब जायचा म्हणून घरटी एकेक जेवण. चाळीस घरं झाली. शेवटच्या दिवशी निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, फोटो. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष भाऊ, गावातले मोठे भातकरी, चार वाक्यं बोलून गहिवरले. मग लेझीम लावून मास्तरांना एसटीच्या थांब्यापर्यंत नेलं. ड्रायव्हरनेही गाडी थांबवून धरली. भाऊंनी चाकापुढे नारळ फोडला आणि ओरडले, "मास्तर, गावाचं नाव काढा." मास्तरांनी खिडकीतून हात जोडले. 

त्यानंतर चारेक महिन्यांनी माझ्या हातून पेटीची काच फुटली. तापलेली काच मी ओल्या फडक्याने पुसली आणि ती तडकली. मास्तरांनी दिलेली वस्तू आपण मोडली म्हणून मी रडकुंडीला आले आणि सुट्टीच्या दिवशी माप घेऊन खोपोलीला गेले. शिळफाट्याला बाजाराच्या एका बोळात फोटोफ्रेमचं दुकान होतं. मालक जेवायला गेलेला. आतल्या अंधाऱ्या खोलीत कुणीतरी पाठमोरं बसून काच कापत होतं. मी म्हणाले, "एक काच कापून हवी होती." मी माप सांगायच्या आतच आतून आवाज आला, "दीड बाय दीड. खालची की वरची फुटली?"

मास्तर बाहेर आले. दाढी वाढलेली, बोटांना चिंध्या बांधलेल्या. मला आधी हायसं वाटलं, मग भीती वाटली. त्यांनी बोळाच्या दोन्ही टोकांना पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी आफ्रिकेत आहे. कुणाला सांगू नका."

झालं होतं ते असं. मुंबईत त्या परदेशी संस्थेच्या माणसाने सांगितलं, की तिकडे गडबड सुरू झाली आहे, महिनाभर थांबा. महिन्याचे तीन झाले आणि मग कार्यक्रमच रद्द झाल्याचं पत्र आलं. मास्तर भिसेगावात खोली घेऊन राहिले होते आणि रोज इथं काचा कापायला येत होते.

"मग गावी परत का नाही आलात, सर?"

"कुठल्या तोंडानं येऊ? चाळीस घरचं अन्न खाल्लंय मी निरोपाचं. जातो म्हणून जेवून गेलेला माणूस चार महिन्यांनी दारात उभा राहिला, तर त्या बायांनी काय म्हणायचं?" काचेवरून बोट फिरवत म्हणाले, "शिवाय मी आलो की रजा रद्द. रजा रद्द झाली की रजेची जागा गेली. मग तुमचं काय?"

त्या वेळी काहीतरी बोलायला हवं होतं. मी बोलले ते एवढंच. "काच किती वाजेपर्यंत मिळेल?"

मग मी दर महिन्याला जाऊ लागले. धड्यातलं अडलेलं विचारायला, असं मी स्वतःला सांगायचे. मास्तर आनंदाने शिकवायचे, पण पाठ भिंतीला आणि नजर बोळाकडे. खालापूरकडचं कुणी येताना दिसलं, की बोलता बोलता उठून आतल्या खोलीत जायचे. शाळेत दिवसभर उन्हात वावरणारा माणूस, पण त्या खोलीत चाळीस वॉटचा दिवा दुपारीही लावावा लागे. एकदा मी विचारलं, "किती दिवस असं?" तर म्हणाले, "लपणं सोपं असतं, बाई. आपण इथं आहोत हे रोज आठवत राहणं अवघड."

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी तेवढे ते बाहेर पडत. हाताने केलेली एक छोटी पेटी डोक्यावर घेऊन माथेरानच्या पायथ्याच्या आदिवासी वाड्यांवर जात. तिथल्या शाळा एकशिक्षकी, कुठे तोही नाही. "मला तिथं कुणी ओळखत नाही," ते सांगायचे. "त्यांचं बोलणं मला निम्मं कळतं, माझं त्यांना पाव. परवा एका म्हातारीनं विचारलं, बाबा, तू कुठल्या मुलखातला? परदेशात तरी आणखी काय विचारतात?" हे सांगताना ते मनापासून हसले. त्यांना इतकं हसताना त्या दुकानात मी तेवढ्या एका वेळी पाहिलं.

एकदा मात्र त्यांची फारच पंचाईत झाली. निरोप समारंभाचा फोटो मोठा करून शाळेच्या ऑफिसात लावायचं संस्थेने ठरवलं आणि तो फ्रेम करायला भाऊ नेमके याच दुकानात आले. मालकाने फोटो आत दिला. हार घातलेले मास्तर स्वतःच, शेजारी भाऊ, खाली 'परदेशगमनानिमित्त' अशी अक्षरं. बाहेर भाऊ बाकावर बसून मालकाला सांगत होते, "चांगली काच लावा. आमच्या मास्तरांचा फोटू हाय." मास्तर आत श्वास रोखून काच कापत होते. बोट चांगलंच कापलं, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. पूर्ण झालेली फ्रेम मालकाने बाहेर नेली. भाऊंनी ती बराच वेळ हातात धरली, आत एकदा डोकावून पाहिलं आणि निघून गेले. "अंधारात त्यांना काही दिसलं नसणार," मास्तर मला म्हणाले. मीही म्हणाले, "नाहीच दिसलं."

गावात मला रोज कुणी ना कुणी विचारायचं, "बाई, मास्तरांचं पत्तर आलं का?" मी सांगायचे, "आलं की. बरे आहेत. तिकडे ऊन भरपूर आहे म्हणतात." बाया सुखावायच्या. ती म्हातारी विचारायची, "जेवान तरी धड देतात का गं त्याला?" मी म्हणायचे, "देतात, आजी." खोटं बोलायची सवय होते, हे खरं. पण घरी आल्यावर भाताचा घास तोंडात फिरायचा, हेही खरं.

दोन वर्षं संपायला महिना राहिला, तशी माझी झोप उडाली. रजा संपणार, मास्तर हजर होणार, मी घरी बसणार. धाकट्या भावाचं कॉलेज सुरू झालं होतं, वडील निवृत्त झाले होते. मी शिळफाट्याला गेले, तेव्हा मास्तरांनी काही विचारू दिलं नाही. एक पाकीट हातात ठेवलं. "राजीनामा आहे. भाऊंना द्या. तिकडंच कायम राहतोय असं लिहिलंय."

"सर, तुम्ही काय करणार?"

"वाड्यांवर एक आश्रमशाळा निघतेय. मला या म्हणतात, पगाराचं मात्र बघू म्हणतात." मग म्हणाले, "गावात आलो, तर मला आफ्रिकेविषयी बोलावं लागेल, बाई. पोरांपुढे मला खोटं बोलता येणार नाही."

मला येत होतं. ते पाकीट मी आठ दिवस पर्समध्ये ठेवलं. रोज ठरवायचे, की आज फाडते आणि मास्तरांना घेऊन येते. नवव्या दिवशी ते भाऊंच्या ओटीवर जाऊन दिलं.

भाऊंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. त्यावर तिकीट नव्हतं, शिक्का नव्हता. हा विचार मला तोवर शिवलाही नव्हता. "आफ्रिकेतनं आलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली. मग बाहेर भाताच्या खाचरांकडे बघत विचारलं, "बोटाची जखम भरली का त्यांची?"

मी खालीच बसले. मग विचारलं, "भाऊ, तुम्ही त्यांना बोलावलं का नाही?"

"कसं बोलवायचं, बाई? आमी त्यांना वाजतगाजत निरोप दिला. दिल्याला निरोप मागं घ्याचा म्हंजे त्या मान्साला बाजारात उभं करायचं. मला वाटलं, ते आपणहून येतील, तर आमी कायबी इचारनार नाय." त्यांनी कागदाची घडी पुन्हा दाबली. "आन् पोरांचं तुमी बरं चालवलं व्हतं." मग कागद आत ठेवायला उठता उठता म्हणाले, "आता तुमीच ऱ्हा. कायमचं करून घेऊ."

मी "बरं, भाऊ" म्हणाले आणि घरी आले. वडिलांनी त्या दिवशी वस्तीत पेढे वाटले.

शिळफाट्याला जायला मला तोंड नव्हतं. गेले तेव्हा पावसाळा उलटून गेला होता. मालक म्हणाला, मास्तर गेले, आश्रमशाळा कुठली ते त्यालाही नीट माहीत नव्हतं. मी दोन सुट्ट्या वाड्या पालथ्या घातल्या. एका ठिकाणी पोरांनी मला "जांबो" म्हटलं, पण मास्तर तिथूनही आणखी वर कुठं तरी गेले होते. पुढे मला ते कधीच भेटले नाहीत.

त्या शाळेत मी एकतीस वर्षं नोकरी केली. भावाचं शिक्षण झालं, आमचं घर झालं, मला आदर्श शिक्षिका म्हणून शालही मिळाली. आणि भाऊंच्या ओटीवरच्या त्या दिवसानंतर गावात मला एकाही माणसाने मास्तरांचं पत्र आलं का, म्हणून विचारलं नाही. त्या म्हातारीनेसुद्धा नाही. गावाला सगळं ठाऊक होतं. फक्त एक गोष्ट माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही. शिळफाट्याच्या त्या दुकानात मी वीसेक वेळा गेले असेन. एवढ्या वेळा समोर बसून मी त्यांना एकदाही "सर, परत चला" म्हणाले नाही.