ऊन दाखवलेलं ब्रेक ऑइल

आमच्या ह्यांचा जगात एकाच गोष्टीवर पक्का विश्वास होता, तो म्हणजे वैशाखातलं ऊन. शेतकऱ्याच्या घरात वाढलेला माणूस. गहू, तुरीची डाळ, तिखट, सगळं वर्षाचं भरायचं आणि उन्हाळा आला की गच्चीवर पसरायचं. नोकरीसाठी नालवाडीत राहायला आले, सेकंडहँड मोटार घेतली, तरी सवय तीच. नागपूरला गेले की इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, बॅटरीचं पाणी, सगळं वर्षाचं आणायचे. उघडलेल्या डब्यांवर मलमलीचं फडकं बांधून ते माझ्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेवायचे. वैशाखात गव्हाशेजारी ह्या डब्यांचीही रांग लागायची, झाकणं उघडी.

"अहो, तेल कधी वाळवतात का?" मी म्हणायची.

"तुले नाई समजत. ऊन दाखवलं का कशालेच कीड लागत नाई."

माय वं! ब्रेकच्या तेलाला कोणती कीड लागणार होती, देव जाणे. पण मी फार ताणून धरलं नाही, कारण ती मोटार मला शिकायची होती. माझं माहेर नाचणगाव. बाबा गेल्यापासून आई तिथं एकटी. ह्यांना सुट्टी मिळेल तेव्हाच आमची भेट, आणि सुट्टी मिळाली की ह्यांना झोप यायची. मला मनात येईल तेव्हा आईकडे जायचं होतं. तेवढ्यासाठी लायसन हवं होतं, बस.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या घरांच्या ओळीत एकही बाई मोटार चालवत नव्हती. तरी ह्यांनी मला शिकवलं; ओरडत, कपाळावर हात मारत, पण शिकवलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी तर मोठ्या मायेनं ब्रेकचं सगळं तेल बदललं. नवीन कोणतं घातलं? जुन्या डब्यात उरलेलं, तीन उन्हाळे खाल्लेलं. "चांगलं मुरलेलं हाये," म्हणाले.

परीक्षेच्या सकाळी मैदानावर पोचेपर्यंत ह्यांचा सराव चालूच. "थांबव. चाल. थांबव." भीतीनं माझा पाय ब्रेकवरून हलेचना. मग इन्स्पेक्टर माझ्याशेजारी बसले, हे मागे. पहिलं वळण झकास झालं. समोर कडुलिंबाखाली चहाची टपरी आली, मी ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला! ब्रेक कुठंच नाही. मागून हे ओरडले, "अवं, थांबव ना!" टपरीवाला किटली घेऊन पळाला. मी गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला, आणि गाडी टपरीच्या बाकाला चाटून उभी राहिली. गेलं लायसन, गेलं नाचणगाव, असं वाटून मला रडूच फुटलं.

इन्स्पेक्टरांनी उतरून घाम पुसला. "ब्रेक ऑइल कोणं भरलं?"

ह्यांनी छाती काढून सगळं सांगितलं, फडक्यासकट.

"अहो भाऊ, उघडं राह्यलं का हे तेल हवेतली ओल पितं. ब्रेक तापला का त्या पाण्याची वाफ होते, मंग दाबत बसा! ऊन कितीबी दाखवा, थे पाणी निघत नाई. उघडलेला डबा साठवून ठेवाचाच नाई." मग ते माझ्याकडे वळले. "रडून काऊन राह्यल्या बाई? गाडी नापास झाली. तुम्ही पास."

गाडी एका ओळखीच्या माणसाच्या बैलजोडीनं ओढत घरी नेली. मी स्टिअरिंगवर, हे बैलांपुढे मान खाली घालून. बाया दारात येऊन हसत होत्या आणि मीही हसत होते. त्याच संध्याकाळी ह्यांनी सगळे उघडे डबे घरातून काढले.

ब्रेक दुरुस्त झाल्यावर पहिल्याच रविवारी मी एकटी नाचणगावला गेले. हॉर्न ऐकून आई बाहेर आली, पदर सावरला आणि वाकून गाडीत जावयाला शोधू लागली.

"ते नाई आले, आई."

"मंग तुले आणलं कोणं?"

"मीच आली."

ती गाडीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता रागावते. तिनं घराला कडी घातली, आणि गाडीचं पुढचं दार उघडून ती माझ्याशेजारी बसली.

"चाल," म्हणाली, "हळूहळू ने. साऱ्या गावाले दिसलं पाह्यजे."