कोरी बाटली

खिल्लारे मॅडमपुढं कुणाच्याही घरी तांब्या-पेला आला, की त्या आधी पेल्यात घोटभर पाणी घ्यायच्या, ते गोल फिरवायच्या आणि बाहेर ओतून द्यायच्या. मग पुन्हा घोटभर. मग पुन्हा. असं तीनदा झालं की चौथ्यांदा पेला भरून सावकाश प्यायच्या. ओतलेलं पाणी कुंडीत जायचं, मोरीत जायचं, आणि काहीच जवळ नसलं तर खिडकीबाहेर. एकदा खाली उभ्या असलेल्या प्राचार्यांच्या गाडीवर गेलं होतं. मॅडमनी वाकून पाहिलं, आणि पेला भरून शांतपणे पाणी प्यायल्या.

आमच्या कॉलेजातल्या एका सरांनी हिंगोलीत घर बांधलं, त्याच्या वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो होतो. तिथंही मॅडमनी सवयीनं पेला विसळला. सरांच्या म्हाताऱ्या आईंनी ते बघितलं आणि सुनेला म्हणाल्या, बाईला आपल्या घरचं पाणी चालत नाही वाटतं. हळू म्हणाल्या, पण म्हाताऱ्या माणसाचं हळू बोलणं सगळ्या खोलीला ऐकू जातं. सर कानकोंडे झाले. मॅडमना मात्र हसू आवरेना. डोळे पुसत त्या म्हाताऱ्या बाईंजवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "काकू, माझ्या आजीला गावात वरून वंजळीत पाणी वतायचे. आन आज मी पेला इसळला तर तुमाला राग येऊन राहिला. बरं वाटलं बघा." काकूंनी मॅडमच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली.

ही विसळायची सवय समुद्रावरची. हिंगोलीची ही बाई किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत कित्येक वर्षं नोकरीला होती आणि जहाजावरून समुद्राच्या पाण्याचे नमुने घ्यायची. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या अख्ख्या वस्त्या असतात. कुठल्या खोलीवर कोण राहतं, पावसाळ्यानंतर कोण येतं, कोण जातं, हे शोधायचं त्यांचं काम. बाटलीत आधीच्या पाण्याचा थेंब राहिला तर नवी वस्ती जुन्यात मिसळते, म्हणून ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्यानं बाटली आधी तीनदा विसळायची. "भांड्याला आदी पाण्याची वळख करून द्यावी," असं त्या म्हणत. इतक्या वर्षांत हातांना ते वळण इतकं पडलं, की घरचा पेलाही सुटला नाही.

जहाजावर त्यांना एकही दिवस बरं वाटलं नाही, हे त्यांनीच मला सांगितलं. बोट लागायची, पोटात अन्न टिकायचं नाही, आणि नमुने तर वेळच्या वेळी घ्यावेच लागायचे. मग आईला लकवा झाला, म्हणून संस्था सोडून त्या गावी आल्या आणि आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू लागल्या. आई गेली. मॅडम राहिल्या. मी त्यांना पाहिलं तेव्हापासून त्या थकलेल्याच होत्या. वर्गात आल्या की आधी खुर्चीवर बसून दोन मिनिटं डोळे मिटायच्या, आणि उघडल्या उघडल्या मागच्या बाकावरच्या पोराचं नाव घेऊन प्रश्न विचारायच्या. आम्ही विद्यार्थी दमलो म्हटलं की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: "थकवा आपला असतो. नमुन्यात उतरू द्यायचा न्हाई."

मी कळमनुरीची. तिथं अब्बांचं कापडाचं दुकान आहे. मॅडमची विद्यार्थिनी झाले, पुढं त्याच विभागात शिकवू लागले, आणि त्यांच्याच हाताखाली पीएच.डी.ला नाव घातलं. विषय समुद्राच्या पाण्याचा. अब्बांनी कात्री खाली ठेवून विचारलं होतं, "बेटा, हिंगोली में समंदर किधर है?" प्रश्न रास्त होता. सगळ्या कॉलेजानं तो मला निरनिराळ्या भाषांत विचारून घेतला. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "समुद्र तिकडं हाय, बराबर हाय. हात तर इथंच तयार करायचे ना."

हात तयार झाले सिद्धेश्वरच्या धरणावर. एका मासेमाराची होडी ठरलेली होती. मॅडमकडं दोन्ही तोंडं उघडी असलेली एक नळकांड्यासारखी बाटली होती. ती दोरीला बांधून हव्या त्या खोलीवर सोडायची आणि दोरीवरून एक पितळी वजन खाली घसरू द्यायचं. ते आदळलं की दोन्ही झाकणं फटकन मिटतात आणि तिथलंच पाणी आत अडकतं. त्या वजनाला मॅडम 'निरोप्या' म्हणायच्या. मग पाणी काढून पंपानं बारीक चाळणीच्या कागदातून ओढायचं, म्हणजे जीव कागदावर राहतात, आणि कागद लगेच बर्फात. लगेच म्हणजे लगेच. होडीवाल्यानं एकदा जरा भाकर खाऊन घ्या म्हटलं तर मॅडम त्याच्यावरच उखडल्या. बंद बाटलीतलं पाणी थांबून राहत नाही, काही जीव मरतात, काही माजतात, आणि थोड्या वेळानं ती वस्ती धरणाची राहत नाही, बाटलीची होते. एक जुना विद्यार्थी कोकणात फिरायला गेला होता, त्यानं मोठ्या प्रेमानं मॅडमसाठी बाटलीभर समुद्राचं पाणी आणलं. मॅडमनी त्याला चहा पाजला. तो गेल्यावर बाटली उजेडात धरून मला म्हणाल्या, "समुद्र तर येता येता रस्त्यातच सरला असन. पण पोरगं किती दुरून घेऊन आलं बघ." ती बाटली पुढं कायम त्यांच्या खिडकीत होती.

या सगळ्यांत त्यांचा जीव एका गोष्टीवर जास्त होता. ती म्हणजे कोरी बाटली. प्रयोगशाळेत निर्जंतुक केलेलं, ज्यात काहीच नाही असं पाणी एका बाटलीत भरून सोबत न्यायचं. नमुन्यांचं जे जे करायचं ते सगळं त्या पाण्याचंही करायचं. तोच पंप, तसाच कागद, तेच हात. शेवटी त्या कोऱ्या पाण्यात काही सापडलं, तर ते समुद्रातलं नव्हे, आपल्या हातातलं, आपल्या श्वासातलं, आपल्या बेफिकिरीतलं. ते सापडलं की बाकीच्या नमुन्यांवरचाही विश्वास गेला. पुष्कळ जण हा खटाटोप टाळतात. मॅडम टाळू द्यायच्या नाहीत. निकाल घेऊन कुणीही आलं की पहिला प्रश्न हाच: "कोऱ्यात काय निघालं?"

मग त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून ठरलेले दिवस नांदेडला डायलिसिसला जायचं, परत आलं की अंगात उभं राहण्याचंही त्राण नसायचं. पाण्यावर आयुष्य काढलेल्या बाईला आता दिवसाला मोजकं पाणी. तरी पेला विसळणं चालूच होतं, विसळण्यातच पिण्यापेक्षा जास्त पाणी जायचं. जहाजावर त्यांनी माझ्यासोबत यायचं ठरलं होतं, ते डॉक्टरांनी मोडून काढलं. जुन्या ओळखींतून एका सफरीवर माझ्यासाठी एक जागा मिळाली होती. मी एकटीच गेले. निघायच्या आदल्या दिवशी मॅडम नांदेडहून आल्या त्या थेट कॉलेजात, आणि मला बॅग भरायला घरी पिटाळून कोरी बाटली त्यांनी स्वतः भरली. ते काम त्या कुणालाच देत नसत.

जहाजावर मलाही बोट लागली. त्याबद्दल फार लिहीत नाही. नमुने घेतले, सगळे वेळेवर घेतले, आणि परत आले तेव्हा आपल्याला हे जमलं असं मला मनापासून वाटत होतं. पुढं कागद तपासणीला गेले आणि बऱ्याच महिन्यांनी निकाल आला. समुद्राचे नमुने देखणे होते. आणि कोऱ्या बाटलीत अख्खं गाव नांदत होतं.

निकाल घेऊन मी मॅडमच्या घरी गेले. त्यांनी चष्मा लावला, नावं वाचली, पुन्हा वाचली. ती नावं आम्हा दोघींच्याही ओळखीची होती. धरणाच्या पाण्यात आम्हाला वारंवार भेटलेली. मॅडमनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "ही सिद्धेश्वरची मंडळी हाय. मीच भरली बाटलीत."

धरणावर सरावाला वापरलेल्या बाटल्या मांडणीवर डावीकडं असत, धुतलेल्या उजवीकडं. ही व्यवस्था त्यांचीच. त्या संध्याकाळी गळून गेलेल्या अंगानं त्यांनी डावीकडची बाटली उचलली आणि न विसळता भरली. जन्मभर सगळ्या जगाचे पेले विसळणारी बाई नेमकी तेवढी एक बाटली विसळायची विसरली. त्यांना ते आत्ता, माझ्यासमोर आठवत होतं, आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला त्यांच्याकडं बघवेना.

मी वाद घातला. धरणातलं एकही नाव समुद्राच्या नमुन्यांत नव्हतं, म्हणजे नमुने स्वच्छच असणार. विद्यापीठातल्या एका जाणत्या माणसानं तर सोपा रस्ता सांगितला, कोऱ्या बाटलीचा उल्लेखच करू नका, कोण विचारतंय? माझी मुदत संपत आली होती. पुन्हा जहाज मिळेल याची काही खात्री नव्हती. काम इथंच बुडालं तर आजवरची सगळी मेहनत मातीत जाणार होती, आणि हे मॅडमना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "नमुने चांगले असतीन. मी कुठं न्हाई म्हणते? पण तुझे हात साफ होते का, ते त्या बाटलीनंच सांगायचं होतं. तिचं तोंड मी बंद केलं. आता ना तुला माहीत, ना मला."

विद्यापीठात समितीसमोर माझ्या कामाचा आढावा होता. मी बोलायला उभी राहिले, तेवढ्यात मॅडमच काठीवर भार देऊन उठल्या. एवढ्या वर्षांचं नाव असलेली बाई, समितीतले निम्मे लोक त्यांना वाकून नमस्कार करणारे. त्यांनी सरळ सांगून टाकलं, की पोरीची चूक नाही, बाटली मी न धुता भरली, निकाल बाद धरा आणि मुदत वाढवून द्या. बाहेर आल्यावर जिन्यातच त्या बसल्या. मी जवळ बसले. "लई दमले गं नसरीन," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला थकव्यावरचं ते वाक्य ऐकवलं नाही.

मुदत मिळाली. मॅडमनी फोन करकरून जहाजावर आणखी एक जागाही मिळवली. आता अब्बा अडून बसले. एकदा गेली, आजारी होऊन आली, हाती काही लागलं नाही, आता पोरीला पुन्हा पाण्यावर धाडायचं काहून? नांदेडहून परत येताना मॅडमनी गाडी कळमनुरीला थांबवली आणि थेट दुकानात आल्या. अब्बा गडबडले, गादीवरचे कापडाचे ठाण बाजूला सारून त्यांनी जागा केली. पाणी आलं. मॅडमनी पेल्यात घोटभर घेतलं, फिरवलं, आणि हात तिथंच थांबला. त्या पेल्याकडं बघत राहिल्या. मग अब्बांना म्हणाल्या, "मागच्या बारीला चूक माझी झाली, भाईसाब. तकलीफ पोरीला झाली. ह्या बारीला बाटली तीच धुईल, मी हात लावणार न्हाई. तिला जाऊ द्या." अब्बांनी मॅडमच्या हातातला पेला घेतला, स्वतः बाहेर जाऊन तीनदा विसळला आणि भरून आणून दिला. मला उत्तर कळलं.

दुसऱ्या खेपेला कोरी बाटली मी धुतली, मी भरली. मॅडम प्रयोगशाळेच्या दारात खुर्ची टाकून पाठमोऱ्या बसल्या होत्या. एकदाही वळल्या नाहीत. जहाजावर शेवटच्या ठिकाणी माझ्या पोटात काही उरलं नव्हतं, आणि सगळे नमुने आटोपल्यावर ती बाटली उघडायचा मला अक्षरशः कंटाळा आला होता. उघडली. तोच पंप, तसाच कागद.

निकाल आला तोवर मॅडम नांदेडच्या दवाखान्यात होत्या. समुद्राच्या नमुन्यांत पुष्कळ काही होतं, सांगायलाही पुष्कळ होतं. मी जवळ स्टूल ओढून बसले. त्यांचे डोळे मिटलेले होते. झोपल्या असतील असं वाटलं म्हणून मी निकालाचे कागद पिशवीत ठेवू लागले. तेवढ्यात झालं ते आमचं शेवटचं बोलणं.

"कोऱ्यात काय निघालं?"

"काहीच न्हाई, मॅडम."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं नीट पाहिलं. "व्हय?" म्हणाल्या. "मंग झोपते आता मी."