दुपारची ओव्हर

बायको दवाखान्यात सिस्टर. तिची नाइट ड्यूटी लागली की आमच्या घरी भरदुपारी रात्र होते. सकाळी ती साकोलीहून बसने येते, मी खिडकीला सतरंजी लावतो, दुकान उशिरा उघडतो आणि पायरीवर भाजी चिरत पहारा देतो. तलावाची मासोळी विकणारी बाई आली की मी तोंडावर बोट ठेवतो.

"झोपली काय जी मॅडम?" ती हळूच विचारते. मग मोठ्यानं हसते, "अन् तुमी भाजी चिरून राहिले!"

त्या हसण्यानंच मॅडम जाग्या होतात.

तशी झोप तरी कुठं असते? डोळा लागला की बायको बडबडते, "सिस्टर, ओव्हर घ्या." ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरला एकेका पेशंटचं सांगायचं, त्याला त्या ओव्हर म्हणतात. ती दिल्याशिवाय वॉर्ड सोडता येत नाही. एकदा मी गंमत म्हणून कानाशी म्हटलं, "द्या." तिनं दिली. सलाईन, ताप, लघवी, सगळं. मी हो हो करत गेलो आणि ती गाढ झोपली. तेव्हापासून मी घरचा सिस्टर. दुकानात कापड मोजताना चुकणारा माणूस, पण ओव्हर मन लावून घेऊ लागलो.

मागच्या धानकापणीच्या दिवसांत एका सकाळी ती चहा न घेताच आडवी झाली. दुपारी पुटपुटली, "सिस्टर, खिडकीजवळची बाळंतीण... रक्त थांबत नाही. बघा जरा."

"पाहिलं," मी म्हटलं. "बरी हाये आता. झोपा तुमी."

तिनं डोळे उघडले.

"ते तं पहाटेच गेली. तुमाले कोनं सांगतलं बरी हाये म्हनून?"

मी तिच्या पायावरची चादर नीट करू लागलो.

"मले खरंच वाटलं जी," ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

मी विचारलं, "अन् लेकरू?"

"आजीजवळ हाये. दूध पेत नोयतं."

आता ती झोपेत बोलत नाही. सासूबाई भेटायला आल्या की म्हणतात, बरं झालं, पोरीले झोप लागून राहिली. मी मान हलवतो. पण मला कळतं, ती नुसते डोळे मिटून पडते, मी खोलीतून जाईपर्यंत.