शेकलेली बाटली

वनमालाला वस्तीवर कुणी सरळ नावानं हाक मारत नाही. पुरुष 'डॉक्टरीणबाई' म्हणतात. त्यात अर्धी चेष्टा, अर्धी गरज. बायका 'शेळीवाली' म्हणतात. सरकारी कागदावर ती पशुसखी आहे, म्हणजे शेळ्या-कोंबड्यांच्या दुखण्याखुपण्याला धावून जाणारी, दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या सांगण्यानुसार लसी टोचणारी बाई. शिक्षण नववी. तीही पूर्ण झाली की नाही, यावर तिचं आणि तिच्या आईचं अजून एकमत नाही.

माहेर गेवराईकडचं. दिंद्रुडच्या पुढच्या या वस्तीवर लग्न होऊन आली तेव्हा वडिलांनी सोबत एक गाभण शेळी दिली होती. तीन वर्षांत एकीच्या पाच झाल्या आणि एका आठवड्यात पाचही गेल्या. आधी नाक गळायला लागलं, मग तोंडात फोड, मग हगवण. घरातले म्हणाले, दृष्ट लागली. शेवटची शेळी वनमालाच्या मांडीवर गेली. पुढं कधीतरी पशुसखीच्या प्रशिक्षणाचा निरोप आला, तेव्हा घरात कुणाला विचारायच्या आधी तिनं नाव देऊन टाकलं.

प्रशिक्षणात दवाखान्यातल्या डॉक्टरांनी, सतीश सरांनी, फळ्यावर एक गोल काढला आणि त्याला चहूबाजूंनी हुकासारखे वाकडे आकडे काढले. ''हा विषाणू. शेळ्यांच्या बुळकांडीचा. पीपीआर म्हणतात तो.''

बाकीच्या बायकांनी वहीत गोल काढला. वनमालानं हात वर केला. ''सर, ह्याचं तोंड कुठंय?''

''तोंड नसतं त्याला.''

''मग खातंय कसं?''

''खात नाही.''

''हागतंय?''

अख्खी खोली हसली. सरही हसले. ''नाही हो. शेळीच्या बाहेर असलं की ते काहीच करत नाही. नुसतं पडून असतं.''

''मग ते जित्तं हाय का मेलेलं?''

सरांनी खडू खाली ठेवला. ''वनमालाताई, ह्यावर मोठमोठे शास्त्रज्ञ अजून भांडतात.''

आपल्या प्रश्नावर कुणीतरी मोठं माणूस भांडतंय, हे ऐकून ती दिवसभर खूश होती. संध्याकाळी घरी आली, नव्यानं घेतलेल्या शेळीच्या केसांत अडकलेलं आघाड्याचं बी उपटत बसली आणि तिचा हात थांबला. बाहेरून कुसळं, आत बी. स्वतःला पाय नाहीत, शेळीच्या पायांनी गावभर फिरतंय. मातीत पडेपर्यंत ना जित्तं ना मेलेलं.

''हे तेच की!'' ती शेळीला म्हणाली.

त्या दिवसापासून विषाणू तिच्या डोक्यात पक्का बसला.

यंदा पौषातल्या एका सकाळी ती बर्फाचा डबा खांद्याला लावून मनकर्णाआत्याच्या अंगणात आली. शेजारच्या गावात मंगळवारपासून शेळ्या मरायला लागल्या होत्या. वस्तीवर मिळून एकोणतीस शेळ्या, आणि सगळ्यांना आजच टोचायचं असं ठरलेलं. डब्यात लसीच्या दोन बाटल्या: एक या वस्तीची, दुसरी ओढ्यापलीकडच्या वस्तीची.

मनकर्णाआत्या सत्तरीच्या पुढची. नवरा गेला, लेकी आपापल्या घरी, आता चार शेळ्या हाच तिचा संसार. पण वस्तीवर तिला मान होता तो वेगळ्याच कारणानं. चाळीस वर्षं तिनं इथल्या प्रत्येक तान्ह्या लेकराला न्हाऊ घातलं होतं. पाणी कोपरानं बघायचं, तेल शेकायचं, आपले तळवे शेगडीवर धरायचे आणि मगच लेकराला हात लावायचा. वनमालाच्या मुलीला, संस्कृतीलाही, तिनंच न्हाऊ घातलं होतं.

वनमालानं एका बाटलीतल्या कोरड्या लशीत पाणी मिसळलं, बाटली हलवली आणि परत बर्फात ठेवली. तेवढ्यात टोचायला आणलेला शहादेवचा बोकड दावं तोडून हरभऱ्यात घुसला. शहादेव ओरडत पळाला, त्याच्यामागं चार जण, आणि बोकडाची शिंगं धरायला वनमालाही. डबा नजरेआड करायचा नाही, हा तिचा नेम. त्या दिवशी तो मोडला.

पाऊण तासानं बोकड हाती लागला. परत येऊन तिनं डब्यातून बाटली काढली, सुई भरली आणि टोचायला सुरुवात केली. एकामागून एक शेळ्या येत होत्या, टोचून घेऊन जात होत्या. एकोणीस झाल्या. आत्यानं चहाची कपबशी पुढं केली.

''घे गं पोरी. दमलीस. बगितलंस का, एकबी शेळी वरडली न्हाई.''

''व्हय की. शहाण्या झाल्यात.''

''शहाण्या कशाच्या! म्या बाटली शेकलीती.''

वनमालानं कपबशी खाली ठेवली. ''काय केलतं?''

''अगं, तू बोकडामागं गेलतीस ना, तवा तू कालवून ठिवलेल्या बाटलीला हात लावून बगितलं. बर्फागत गार! म्हनलं, अशा थंडीत असलं गार मुक्या जित्राबाच्या मानंत घालायचं? काळीजच न्हाई का ह्या लोकांला? मग चुलीवरच्या पाण्याच्या तांब्यात ठेवली. घटकाभर. परत डब्यात ठिवली, म्हनलं तू रागावशील.''

''पाणी किती कढत व्हतं, आत्या?''

''बोट बुडवलं की चटका बसंल, एवढं.''

वनमाला चुलीपाशी जाऊन खाली बसली. अंगणात शहादेव विडी ओढत दहा-बारा माणसांना बोकडाचा पराक्रम सांगत होता. त्यातल्या कुणालाही काही कळलेलं नव्हतं. एकोणीस शेळ्या टोचून झाल्या, मालक निर्धास्त झाले. ती गप्प राहिली असती तर आज कुणी एक शब्द बोललं नसतं. दहा दिवसांनी बोलले असते. तेव्हा शेळ्या नसत्या. तिला मांडीवरची ती शेळी आठवली, तिचं जड झालेलं डोकं.

''काय झालं गं? चुकलं का माजं?'' आत्याचा आवाज बारीक झाला होता.

''इकडं बसा आत्या. हे कालवण बगा.'' चुलीवर रस्सा शिजत होता, वर लाल तवंग. ''ह्यो जंतू कसा असतो, सांगू? मधी एक दोरा. नवा जंतू कसा करायचा, ते समदं त्या दोऱ्यावर लिव्हलेलं. त्याच्या भवती असलंच तवंगावानी चरबीचं पांघरूण. तेबी त्याचं स्वतःचं न्हाई, निघताना शेळीचंच ओढून आणलेलं.''

''चोर मेला!''

''अन् पांघरुणावर आघाड्यागत आकडे. दोन जातींचे. एक जात शेळीच्या अंगाला धरती. दुसरी जात काय करती? हे दोन थेंब बगा तवंगाचे.'' तिनं पळीचं टोक लावलं. दोन थेंब एकमेकांना टेकले आणि एक झाले. ''अशी चरबीला चरबी मिळवती. दार उघडतं, दोरा आत. मग शेळीचंच अंग खुळ्यागत त्या दोऱ्यावरचं वाचून हजारो जंतू करत बसतं.''

''साबणानं भांड्याचा तवंग फाटतो. तसं ह्याचं पांघरूण फाटंल का गं?''

''फाटतं की! म्हणून तर गोठ्यातनं आलं की हात धुवा म्हनते मी.''

''अन् ह्या बाटलीत काय असतं?''

''त्याचाच भाऊ, पन निर्बळ केलेला. आत जातो, थोडा वाढतो, पन शेळीला आजारी पाडत न्हाई. तेवढ्यात शेळीच्या अंगातले राखणदार त्याचे आकडे बगून ठिवत्यात. उद्या खरा आला, की आकड्यावरनं वळखून धरत्यात. पन आत्या, ते आकडे लई नाजूक. कढत पाण्यानं वेडेवाकडे झाले. आता ह्याला ना दार उघडतंय, ना राखणदाराला वळख पटतीय. नुसतं पाणी टोचलं आपुन.''

''पन म्या परत बर्फात ठिवली की. गार झाली आसंल!''

''उकडलेलं अंडं गार पाण्यात टाकलं तर परत कच्चं हुतं का?''

आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग एकदम तिचे डोळे भरले. ''चाळीस वर्सं झाली, पोरी. ह्या हातानं कुनाचं वाईट झालं न्हाई.''

''झालं न्हाई अजून. रडू नका.''

वनमालानं सतीश सरांना फोन लावला. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेकलेल्या बाटलीतली उरलेली लस वापरू नका, दुसरी बाटली काढा, एकोणीसच्या एकोणीस पुन्हा टोचा, दोनदा टोचल्यानं काही बिघडत नाही. ओढ्यापलीकडच्या वस्तीसाठी नवी बाटली मी दुपारपर्यंत घेऊन येतो, असं ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, ''लोकांना काय सांगणार?''

''बगते,'' ती म्हणाली.

ती अंगणात येऊन उभी राहिली. ''ऐका. समद्यांनी शेळ्या परत आणा. मगाची लस वाया गेली. बाटली गरम झालती.''

''गरम झालती?'' शहादेवनं विडी टाकली. ''डॉक्टरीणबाई, बर्फाच्या डब्यात बाटली गरम व्हती व्हय? आमाला येड्यात काढता का?''

''डबा माझ्या ताब्यात व्हता. म्या नजरंआड केला. चूक माजी हाय.''

''मंजे आमच्या जित्राबांवर तुमी शिकनार! मी परत न्हाई टोचू देत. काय भरवसा ह्या बाटलीचा?''

दोघा-तिघांनी माना हलवल्या. एक जण शेळीचं दावं ओढत निघालाही. पण वनमालानं आत्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळ्यांनी बघितलं असतं.

''शहादेव.'' दारातून आवाज आला. ''थांब तिथंच.''

मनकर्णाआत्या पायरी उतरून आली. ''बाटली म्या शेकली. चुलीवर. तिला ठावं बी नव्हतं. तुला न्हाऊ घातलं तवा पाणी शेकलंतं ना मी? तसंच शेकलं. तिथं बरुबर व्हतं, हितं चुकलं. आता मला काय म्हनायचं ते म्हन. तिला बोलू नगंस.''

शहादेव चाळिशीचा माणूस, मिशांना कलप लावणारा. तो एकदम लहान मुलासारखा उभा राहिला. ''तुमाला काय म्हननार, आत्या,'' तो पुटपुटला.

''मग पयली माजी चांदी शेळी आन.''

दुसरी बाटली वनमालानं सगळ्यांच्या देखत मिसळली आणि परत बर्फात रोवली. चांदीला शहादेवनं धरलं. आत्या मात्र चुलीकडं वळली, तेव्हा वनमाला दचकली. ''आत्या! आता काय?''

''बाटलीला हात लावत न्हाई गं बाई!''

तिनं दोन्ही तळवे निखाऱ्यांवर धरले, तसेच येऊन चांदीच्या मानेवर ठेवले. जुन्या, सुरकुतलेल्या, गरम हातांखाली शेळीनं डोळे मिटले. मग आत्याला एकदम काही सुचलं. ''पन काय गं, शेळीचं अंगबी गरमच असतंय. मग आत जाऊन ह्ये खराब हुत न्हाई का?''

वनमाला हसली. ''अंगाची गरमी सोसती त्याला, तिथंच त्याचं घर हाय. तुमच्या तांब्यातलं पाणी सोसत न्हाई. आघाड्याचं बी मातीत रुजतं, कढईत भाजल्यावर रुजंल का?''

''न्हाई बा.''

''मग हात काढा. टोचते.''

सुई गेली. चांदीनं फक्त कान हलवला.

''बगा,'' आत्या अंगणाला उद्देशून म्हणाली, ''वरडली का?''

एकोणतीस शेळ्या होईपर्यंत ती चूल आणि अंगण अशा खेपा घालत होती. तळवे शेकायचे, मान शेकायची, बाजूला व्हायचं. शहादेवचा बोकड आला तेव्हा तिनं त्याच्या मानेवर अंमळ जास्तच वेळ हात ठेवला आणि म्हणाली, ''तुज्यामुळं झालं रे समदं, भाड्या.''

दुपारी सतीश सर नवी बाटली घेऊन आले. वनमाला ओढ्याकडं निघाली, तर आत्या चपला घालून दारात उभी.

''तुमी कुठं?''

''डबा कोन बगंल? तुजा काय नेम, परत बोकडामागं पळशील.''

तिनं डबा वनमालाच्या खांद्यावरून काढून घेतला, तान्ह्या लेकरासारखा कडेवर धरला आणि पदरानं उन्हाच्या बाजूनं झाकून पुढं चालू लागली.